सेलमला येऊ की

"क्लच प्लेट गेली," गाडीच्या खालून आवाज आला. मागोमाग बाबालाल मिस्त्री पाठीवर सरकत बाहेर आले, चिंधीला हात पुसत उभे राहिले आणि घरातलं कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा बेताने म्हणाले, "पार जळलीया. तुमी क्लचवरचा पाय उचलत न्हाई व्हय, सर?"

"सवय आहे," आमचे हे म्हणाले.

"मग ऱ्हाईल कशी ती? आता इट्याला मानूस धाडतो. तितं घावली तर घावली, न्हाई तर कराड. आजचा दीस गेला म्हनून समजा."

"समजलो," हे म्हणाले. "अगदी सावकाश होऊ द्या. आणि समजा, नाहीच मिळाली..."

"मिळंल की! न मिळायला ती काय कस्तुरी हाय?"

मी गाडीच्या दारातून खाली उतरले. "दिघे सर," मी म्हटलं. रागावले की मी यांना सर म्हणते. "काय ठरलं होतं ते आठवतंय ना?"

"आठवतंय."

"गाडी दुरुस्त झाली की तोंड डोंबिवलीकडे."

"तू म्हणशील तसं," हे म्हणाले, आणि इतक्या चटकन म्हणाले की माझ्या तोंडात तयार असलेली चार वाक्यं वाया गेली.

या गोष्टीला आता पंधराएक वर्षं होतील. हे तेव्हा नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. भूगोलाचे शिक्षक. सगळी भूशिरं, सगळे उपसागर, सगळ्या नद्यांचे उगम यांच्या जिभेवर, आणि स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. पण स्टाफरूममध्ये दरवर्षी एक घोषणा व्हायची: "रिटायर झालो की कन्याकुमारी! स्वतःची गाडी, गाडीतच घर, मी चालवतोय आणि मागे कुमुद चहा करतेय." कुमुद म्हणजे मी. मला यातलं कुणी काही विचारलेलं नव्हतं.

निवृत्त झाले आणि खरोखरच एका शाळेची जुनी मिनी बस दारात आणून उभी केली. बाकं काढून तिच्यात दोन पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. निरोप समारंभात मुलांनी हारही गाडीलाच घातला. मी मात्र हटून बसले. मला गाडीचं काही नव्हतं. मला एकच प्रश्न होता: रस्त्यात आपलं कोण आहे? डोंबिवलीत रात्री पोटात दुखलं तरी चार दारं वाजवता येतात. हुबळीच्या पुढे माझ्या ओळखीचं एक कुत्रंदेखील नव्हतं. मी हे वीस वेळा बोलून दाखवल्यावर यांनीच तोड काढली. गाडी रस्त्यात कुठेही बंद पडली की तिथून परत. तू फक्त 'वळवा' म्हणायचं, मी वळवणार. इतक्या उत्साही माणसाने बायकोच्या हातात असं शस्त्र का द्यावं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी शस्त्र घेतलं आणि गाडीत चढले.

पुण्यानंतर यांनी हायवे सोडला. "खरा देश आतल्या रस्त्यांवर असतो," असं म्हणाले. आतल्या रस्त्यांवर आम्ही बैलगाडीच्या चालीने चाललो होतो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी विट्याच्या अलीकडे, जोगेवाडी नावाच्या गावात, बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर गाडीने मान टाकली. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

"मग दिवसभर इथे करायचं काय?" मी मिस्त्रींना विचारलं. "गावात बघण्यासारखं आहे काही?"

"हाय की. सगळा देश हाय," मिस्त्री म्हणाले आणि रस्त्याकडे बघून ओरडले, "हिराक्काऽ! पावन्यांस्नी तेवडं गाव दावा!"

रस्त्याने एक सत्तरीची बाई चालली होती. उंच, काटक, हिरवं लुगडं, आणि कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की ती दिसायच्या आधी ऐकू यायची. ती आली, तिने आधी गाडी बघितली, मग मला बघितलं.

"ह्यात ऱ्हाताय?" तिने विचारलं.

"तात्पुरतं," मी म्हटलं.

"घरदार?"

"आहे की. डोंबिवलीला. कुलूप लावून आलोय."

"मंग तुमी आमच्यातल्याच," हिराक्का म्हणाली. "चला."

ती काय म्हणाली ते मला गावात शिरल्यावर कळलं. त्या माळरानावर, जिथे बाभळीलासुद्धा विचार करून वाढावं लागतं, तिथे ओळीने बंगले उभे होते. दुमजली, तिमजली, रंगीत. आणि एकूण एक बंद. रस्त्यावर एक म्हातारा, दोन शेळ्या आणि आम्ही तिघं. हिराक्काने चालता चालता सांगितलं. या भागात पाणी नाही, शेती बेभरवशाची, म्हणून इथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची. सोनारांची दुकानं जिथे, तिथे गलाईवाला लागतोच. मग एक गेला मद्रासकडे, एक पंजाबात, एक आसामात. मागून भाऊ गेले, मेहुणे गेले. आता सगळ्या देशात जोगेवाडीची माणसं आहेत, फक्त जोगेवाडीत नाहीत. चार पैसे झाले की इथे बंगला बांधायचा आणि यात्रेला आठ दिवस येऊन राहायचं. बाकी वर्षभर किल्ल्या हिराक्काकडे. ती झाडते, सांजेला दिवा लावते.

"पर मालकाला इचारल्याबिगर कुलूप काडत न्हाई," ती म्हणाली आणि पहिल्या फाटकापाशी थांबून तिने पदरातून मोबाइल काढला.

मी वर बघितलं. गच्चीवर एक विमान होतं. सिमेंटचं, पांढरं, पंख पसरलेलं.

"पान्याची टाकी हाय ती," हिराक्का म्हणाली. "लुधियान्याला सगळी तशीच बांधत्यात म्हनं. हॅलोऽ शिवाजी? आरं, डोंबिवलीचं पावनं आल्यात, तुजं घर बघाय. उगडू का?"

शिवाजीने लुधियान्याहून नुसती परवानगी दिली नाही. फोन माझ्या हातात द्यायला लावला, खुर्च्यांवरच्या चादरी काढून बसा म्हणाला, टाकीच्या पंखावर जाऊन उभे राहा म्हणाला, आणि शेवटी म्हणाला, "ताई, हितं या की लुधियान्याला! आपलंच घर हाय."

"हो हो, येऊ की," मी म्हटलं.

इथे डोंबिवलीची रीत सांगायला हवी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गोखलेबाई मला जिन्यात भेटल्या की वीस वर्षं म्हणतायत, "या हो एकदा घरी." मी वीस वर्षं म्हणतेय, "हो हो, येईन ना." मध्ये फक्त एक मजला आहे. मी गेलेली नाही, त्यांनी वाट बघितलेली नाही, आणि आमचे संबंध अत्यंत चांगले आहेत. कारण बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

दुसरा बंगला उतरत्या पत्र्याच्या छपराचा होता, आत वेताच्या खुर्च्या.

"गुवाहाटी!" हे दारातच ओरडले. "कुमुद, छपराचा उतार बघ. दोन-अडीचशे सेंटिमीटर पावसाचा प्रदेश!"

"हितं पाऊस पडतच न्हाई," हिराक्का म्हणाली. "पर त्येला तसंच पायजे हुतं."

गुवाहाटीहून मालकाच्या बायकोने बोलावलं. "येऊ की," मी म्हटलं. तिसऱ्या गुलाबी बंगल्याला नक्षीचे झरोके होते. जयपूरहून बोलावणं आलं. "येऊ की." चौथ्याला लाल फरशी आणि हिरव्या झडपा, कलकत्त्यालाही मी येऊ म्हटलं. दुपारपर्यंत मी निम्मा देश स्वीकारला होता. मी बोलत होते आणि हे प्रत्येक घराच्या भिंती, छपरं, खिडक्या पाहत लहान मुलासारखे पुढे पळत होते. इतकं खूश मी यांना आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"कुमुद, गंगेचं खोरं संपलं!" गल्लीच्या कोपऱ्यावर हे म्हणाले. "अगं, बघून झाला की देश. एका दिवसात, पायी, आणि जेवायच्या वेळेला! आता राहिलंय काय?"

"कन्याकुमारी राहिली," मी म्हटलं.

यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाईट वाटलं. मीच आणलेली अट, मीच मोडलेला बेत, आणि वरून मीच डिवचलं असं झालं. खरं तर अट यांनी आणली होती, पण नवऱ्याचा चेहरा उतरला की बाईला हिशेब सुचत नाही.

सेलमचा बंगला शेवटचा. त्याच्या गच्चीवर देवळाच्या गोपुरासारखं काहीतरी होतं, त्यावर रंगीत मोर आणि हत्ती. हिराक्काने फोन लावला.

"वैजंता, पावनं आल्यात गं."

पलीकडून बाईचा आवाज आला. "त्यात बाईमानूस हाय का? असलं तर त्यास्नी फोन द्या. आनि स्पीकर बंद करा."

हिराक्काने बटण दाबलं आणि फोन माझ्या कानाला लावला.

"काकी," ती वैजंता म्हणाली, "जरा माज्या सैपाकघरात जाता? एकट्याच."

मी गेले. चकचकीत ओटा, चकचकीत फरशी. कशालाच वास नव्हता. मला तेच विचित्र वाटलं, स्वयंपाकघराला काहीच वास नाही.

"खिडकी उगडा. शेवगा दिसतोय?"

"दिसतोय. खिडकीच्या वर गेलाय."

"आगं बया! वास्तुशांतीला गुडघ्याएवडा हुता." मग तिने विचारलं, "शेगडीवर काय हाय?"

"काही नाही. शेगडीचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही."

"न्हाई काडलं. काकी, घर बांदून चार वर्सं झाली. वास्तुशांतीचं जेवान मांडवात आचाऱ्यानं केलं. यात्रेला येतो तवा सासूबाईंच्या जुन्या घरात चूल असतीया, तितंच सगळ्यांचं. माज्या ओट्यावर आजून कुनी पानीबी उकळलं न्हाई. सिलिंडर भरल्याला हाय. तुमी च्या करता?"

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाटी, गुर्जींसाटी, हिराक्कासाटी. फोन बंद करू नका. तितंच ठिवा, ओट्यावर."

मी प्लास्टिक काढलं. हिराक्काने घरून दूध, साखर, पूड आणली. मी फोन शेगडीच्या शेजारी ठेवला आणि आधण ठेवलं. पाणी तापलं, चुळबुळ करू लागलं, मग खळखळलं. मी एक शब्द बोलले नाही. पलीकडे तीही बोलली नाही. मागे सेलमचा रस्ता ऐकू येत होता, कुणीतरी त्यांच्या भाषेत काहीतरी विकत होतं. दूध घातलं, चहा वर आला, मी गॅस बारीक केला. मी आयुष्यात हजारो वेळा चहा केला असेल, पण कुणी इतकं लक्ष देऊन तो ऐकला नव्हता. माझे डोळे भरून आले. उगाच नाही, मला त्या बाईसाठी फार वाटलं.

"झाला?" तिने विचारलं.

"झाला."

"बरं वाटलं," ती म्हणाली, आणि नाक ओढून, आवाज झटकून म्हणाली, "आता तुमी सेलमला या. माज्या हातचं खायाला."

"हो हो, येऊ की."

"कंदी?"

पन्नास वर्षांत माझ्या 'येऊ की'वर असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गोखलेबाईंनी जिन्यात 'कधी?' विचारलं असतं तर आम्हा दोघींनाही घेरी आली असती. नियमच नाही तो. मी चाचपडले, काहीतरी तोंडातून निघायला हवं होतं, आणि काय निघावं तर, "बुधवारकडे."

"बुदवार," वैजंता म्हणाली. फोन बंद झाला.

हिराक्काकडे भाकरी, वांग्याची भाजी आणि खर्डा जेवलो. खर्डा खाऊन यांच्या कानातून धूर यायचा बाकी होता, तरी हे दुसरी भाकरी मागत होते आणि उठायचं नाव घेत नव्हते. मी म्हटलं, बिचारा माणूस, सहल संपतेय म्हणून रेंगाळतोय.

उन्हं उतरताना आम्ही गॅरेजवर गेलो. बाबालाल मिस्त्री गाडीच्या सीटवर बसून हॉर्न वाजवत होते.

"घावली की इट्यालाच!" ते म्हणाले. "बसिवली. एकदम नवरीगत झालीया गाडी."

"झाली?" हे म्हणाले. "म्हणजे पूर्ण? रात्रभर ठेवून बघावी का? नाही, ट्रायल म्हणून..."

"ट्रायल कराडपातूर हुईल की. न्हाई तर इजापूरपातूर. तुमी कुटं चाललाय तसं."

मी यांच्याकडे बघितलं. हे आपल्या चपलेकडे बघत होते. तीस वर्षं वर्गात नकाशा लावून दुसऱ्यांच्या पोरांना देश दाखवला, आता स्वतः बघायला निघाला तर बायकोने विट्यापाशी गळ्यात दोर बांधून मागे ओढलं. पण मी काही बोलायच्या आत गॅरेजच्या दारातून एक म्हातारा आत आला. त्याच्या खांद्यावर घोंगडी होती. ती त्याने घडी करून आमच्या पलंगावर ठेवली.

"थोरल्याला द्या. बेंगळुरात हाय. पत्ता कशाला, त्योच येनार हाय गाडीपाशी."

"कुठल्या गाडीपाशी?" मी विचारलं.

"तुमच्याच की."

त्याच्या मागे एक बाई शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन, हुबळीच्या जावयासाठी. तिच्या मागे ज्वारीचं पीठ. मग सुनेला लोणचं. मग एकाने जिवंत कोंबडा आणला; तो तेवढा मी निक्षून नाकारला, आणि तोही नाराज झाला, म्हणजे माणूस, कोंबडा नव्हे. सगळे गाडीत चढत होते, पडदे चाचपून बघत होते, आणि सामान लावून उतरत होते. मी हिराक्काला बाजूला ओढलं.

"हिराक्का, हे काय चाललंय? आम्ही परत चाललोय डोंबिवलीला."

"आनि सेलम?"

"सेलमचं काय?"

"बुदवारी येतो म्हनला न्हवं तुमी? वैजंताचा मालक सगळ्यास्नी फोन लावून बसलाय दुपारधरनं. हुबळीला मुक्काम तानाजीकडं, बेंगळुरात ह्याच्या थोरल्याकडं. सगळं ठरलंया."

"अहो, पण ते... ते आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं."

हिराक्का माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

"म्हंजी?"

"म्हणजे, कुणी या म्हटलं की आपण येऊ म्हणतो. म्हणायचं म्हणून."

"आनि जायाचं नसतं?"

"नसतं."

"मग न्हाई येत म्हनायचं की!"

"तसं कसं म्हणणार? वाईट दिसतं."

"आनि येतो म्हनून न जानं, त्ये चांगलं दिसतं?" तिने यांच्याकडे वळून विचारलं, "गुर्जी, तुमच्याकडं आसंच असतंया?"

"असंच असतं," हे म्हणाले, आणि जरा घाईघाईने पुढे म्हणाले, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी कळवतो त्यांना. फोन द्या, मी सांगतो, जमत नाही म्हणून."

हे इतक्या तयारीने पुढे आले की मला यांचा अभिमान वाटला. स्वतःचं स्वप्न मोडताना माणूस बायकोची लाज झाकतोय! पण फोन आपणच वाजला. हिराक्काने तो कानाला लावला आणि मला दिला. "वैजंता हाय. तुमीच सांगा."

मी फोन घेतला. घसा साफ केला. "वैजंता, हे बघ..."

"काकी, तेवडंच इचारायला केला. तुमी तिकाट किती खाता?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं ते जमत नाही याचं. गाडी जुनी आहे, यांची तब्येत बरी नसते, घरी पाहुणे येणार आहेत, ही सगळी वाक्यं मला पाठ आहेत. पण तिने तिखटाचं विचारलं. माझ्या ओळखीचं कुणी नसलेल्या त्या मुलखात एक बाई ओट्यापाशी उभी राहून माझ्या जिभेचा विचार करत होती.

"बेताचंच," मी म्हटलं. "आणि यांना वांगं चालतं."

"बरं," ती म्हणाली.

मी फोन हिराक्काला परत दिला. हे माझ्याकडे बघत होते. मी मुद्दाम काही बोलले नाही. म्हटलं, रस्त्यात एकदम सांगावं. यांचा आनंद मला एकटीला बघायचा होता. मिस्त्रींचा निरोप घेतला, हिराक्काने माझी खणानारळाने ओटी भरली, आणि आम्ही निघालो. गाडीला आता चटणी, लोणचं, लोकर आणि नव्या तेलाचा वास येत होता.

गावाबाहेर फाटा लागतो. डावीकडे कराड, म्हणजे घर. उजवीकडे विजापूर, म्हणजे पुढे सगळंच. यांनी गाडी थांबवली आणि डावा इंडिकेटर लावला. शब्दाला पक्का माणूस.

"हे सामान कराडहून पार्सलने पाठवू," हे म्हणाले. "व्यवस्थित पोचेल."

"उजवीकडे घ्या," मी म्हटलं, आणि यांच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसले.

यांनी हात वर उचलले नाहीत. हसले नाहीत. गाडीच बंद केली.

"कुमुद, अट आहे आपली. गाडी बंद पडली. तू सकाळी वळवा म्हणालीस."

"आता मीच म्हणतेय की पुढे चला. अट माझ्यासाठी होती, मी सोडली."

"तशी कशी सोडतेस?" हे जवळजवळ रडकुंडीला आले होते. "अशी सोडायची नसते. मी त्या भरवशावर निघालो ना."

"कसल्या भरवशावर?"

एक उसाचा ट्रक गेला. तो जाईपर्यंत यांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, बंद गाडीचं.

"मला भीती वाटते गं," हे म्हणाले. "ट्रकची वाटते. हायवेची वाटते. घाटात समोरून बस आली की मला दिसेनासं होतं. हुबळीच्या पुढे कुणी काही विचारलं तर काय बोलायचं, ते कळत नाही. पण तीस वर्षं सगळ्यांना सांगून ठेवलंय, जाणार, जाणार. गाडीला हार घालून घेतला. आता न जावं तर तोंड कुठे लपवू? मग म्हटलं, निघायचं. कुमुद पुण्याच्या आतच अडवेल. साताऱ्यापर्यंत तर नक्कीच. मग सगळ्यांना सांगता येईल, मी चाललोच होतो, पण बायको ऐकेना."

"म्हणजे माझ्या नावावर पावती फाडणार होतात?"

"हो," हे म्हणाले. "तुझ्यावर पूर्ण विश्वास होता माझा."

मला आधी संताप आला. मग मला सकाळपासूनचे यांचे चेहरे आठवले, एकेक करून, उतरलेले आणि खुललेले, आणि मी प्रत्येक वेळी काय समजले ते आठवलं. मी हसायला लागले. मला थांबताच येईना. हे आधी दुखावले, मग तेही हसू लागले, मग आम्ही दोघंही त्या फाट्यावर, कुणाच्या तरी लोणच्याला टेकून, डोळे पुसत बसलो. इतकी वर्षं मी एका हट्टी माणसाशी संसार करतेय असं मला वाटत होतं. तो भित्रा निघाला, आणि खरं सांगू का, मला तो हट्टी माणसापेक्षा जास्त आवडला.

"तुला नाही भीती वाटत?" यांनी विचारलं.

"वाटते ना. मी तर बोंबलून सांगत होते. तुम्हीच मला धीर देत होतात."

"ते आपलं द्यायचा म्हणून."

मागून एसटीने हॉर्न दिला. यांनी गाडी सुरू केली. डावा इंडिकेटर बंद केला आणि उजवा लावला.

"यापुढे वाटली की सांगायचं," मी म्हटलं. "लपवायचं नाही."

"वाटतेय," हे म्हणाले.

"मलाही," मी म्हटलं. "चला."